शाळा बदलली, पण पोर्टलवर नाव जुन्याच शाळेत: पेन क्रमांक, ड्रॉपबॉक्स आणि आधार जुळणी

"नवीन शाळेने मुलीला वर्गात बसवलंय, पण पोर्टलवर ती जुन्याच शाळेत दिसते. आता म्हणतात, ऑनलाइन नाव येत नाही तोवर प्रवेश पक्का नाही." दरवर्षी जून ते सप्टेंबरमध्ये पालकांकडून हेच ऐकू येतं. यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. वर्गातला प्रवेश ही एक गोष्ट आणि यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवरची नोंद ही दुसरी. पहिली मुलाच्या हक्काची आहे. दुसरी शाळांनी आपसात पूर्ण करायची आहे, आणि तिच्यासाठी पहिली अडवता येत नाही.

आधी हे क्रमांक समजून घ्या. यूडायस प्लस ही शाळांची आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती ठेवणारी केंद्राची प्रणाली आहे. २०२२-२३ पासून तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद असते. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. मुलाला मिळतो तो पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, तोही ११ अंकी. राज्याच्या सरल प्रणालीचा स्टुडंट आयडी वेगळा, तो १९ अंकी. अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा शैक्षणिक खात्याचा केंद्राचा आयडी, तिसरा, १२ अंकी. पालक बहुतेक वेळा सरलचा क्रमांक घेऊन येतात आणि नवीन शाळेला हवा असतो पेन. चंदगडची शाळा सोडून मूल बेळगावला गेलं तर सरलचा आयडी तिथे उपयोगाचा नाही, पेन मात्र चालतो. कारण नाव, जन्मतारीख, लिंग, इयत्ता हे रकाने देशभरात एकाच साच्यात भरले जातात आणि नोंद त्याच साच्यात इकडून तिकडे जाते.

प्रक्रिया कागदावर सोपी आहे. जुनी शाळा दाखला देते आणि यूडायसवर "दाखला घेऊन शाळा सोडली" अशी नोंद करते. मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत जातं. नवीन शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून नाव आपल्याकडे घेते, इयत्ता-तुकडी भरते. झालं.

सोबत लागतं ते असं: शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक, मुलाचं आधार, जन्म दाखला. जातीचा दाखला असेल तर त्याची प्रत. बाकी फोटो वगैरे शाळा सांगेल तसं.

अडतं कुठे, तर पहिल्यांदा पेनवरच. कित्येक पालकांनी हा क्रमांक कधी पाहिलेलाच नसतो. काही शाळा तो दाखल्यावर लिहितात, पुष्कळशा लिहीत नाहीत. म्हणून दाखला हातात घेतानाच, ऑफिसमधून बाहेर पडण्याआधी, मुलाचा पेन, सरल आयडी आणि शाळेचा यूडायस कोड दाखल्यावर शिक्क्यासह लिहून मागा. क्लार्कला दोन मिनिटं लागतात. नंतर त्याच तीन क्रमांकांसाठी गावाकडे फोन करत बसावं लागतं, आणि तोवर सुट्टी लागलेली असते. पेन खरोखरच सापडत नसेल तर नवीन शाळा स्वतःच्या लॉगिनमधून मुलाचा आधार क्रमांक टाकून तो शोधू शकते. "पेन आणा, मग बघू" म्हणून पालकाला परत पाठवण्याआधी त्यांनी एवढं करावं.

दुसरी अडचण जास्त चीड आणणारी आहे. जुनी शाळा दाखला देते, पण ऑनलाइन नाव सोडत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, पट घटला तर शिक्षकाचं पद जाऊ शकतं. शिक्षकांची काळजी खरी आहे, पण तिची किंमत त्या मुलाने का मोजायची? अशा वेळी नवीन शाळेने यूडायसवरून रिलीज रिक्वेस्ट, म्हणजे नाव सोडण्याची विनंती, पाठवायची असते. ती पाठवली का, कोणत्या तारखेला, हे पालकाने विचारावं आणि स्क्रीनची प्रिंट मागून घ्यावी. जुन्या शाळेकडून हालचाल नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. प्रत्यक्ष काम तिथल्या एमआयएस समन्वयकाकडे, म्हणजे ऑनलाइन माहिती सांभाळणाऱ्याकडे असतं. महापालिका क्षेत्रात असाल तर मनपाच्या शिक्षण विभागात जा. अर्जात मुलाचं पूर्ण नाव, पेन, दोन्ही शाळांचे यूडायस कोड, दाखल्याचा क्रमांक व तारीख आणि रिक्वेस्टची तारीख एवढंच लिहा. कहाणी लिहू नका, ती कोणी वाचत नाही. दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

या वैतागात एक चूक हमखास होते. नवीन शाळा कंटाळून मुलाची नवीनच नोंद करायला जाते. पहिलीत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाची नवी नोंद बरोबर आहे. पण सहावीतल्या मुलाची नवी नोंद म्हणजे एका मुलाचे दोन पेन. आधार एकाच नोंदीला लागतं, दुसरी अर्धवट राहते, आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी ते गाठोडं सुटतं. "आम्ही नवीन आयडी काढून देतो" असं कोणी आपुलकीने म्हटलं तरी नको म्हणा.

आता तारखेबद्दल. ३० सप्टेंबर ही पट मोजण्याची तारीख आहे. ती प्रवेशाची शेवटची तारीख नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १५ नुसार मुदत उलटल्यानंतर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ सांगतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणाऱ्या मुलाला जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश लांबवायचा नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, ते कलम १४ मध्ये आहे. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. "पोर्टल बंद झालं" हे उत्तर मिळालं तर या कलमांचे आकडे नम्रपणे पण लेखी अर्जात घाला. तोंडी सांगितलेल्या कायद्याला ऑफिसात कोणी दाद देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग आधार जुळणीचा. पोर्टलवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे मुलाच्या नावातच वडिलांचं नाव येतं, त्यामुळे आधारवर "सुरेशराव" आणि शाळेत "सुरेश" एवढ्यावर मिसमॅच येतो. श्रद्धाच्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक डी, दुसरीकडे दोन. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. आणि जन्म दाखला नसलेल्या घरांतून अजूनही १ जून ही जन्मतारीख येते, तर आधारवर तिसरीच काहीतरी असते.

इथे घाई करू नका. नोंद अडली की शाळा सांगते, "आधार बदलून आणा", आणि पालक सेतू केंद्रात किंवा आधार केंद्रात धावतात. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. शाळेतल्या चुकीच्या तारखेशी जुळवायला ती एकमेव संधी वापरली, तर पुढे खरी तारीख लावायला जागा उरत नाही. आधी जन्म दाखला समोर ठेवा आणि त्याच्याशी कोण जुळत नाही ते पाहा. चूक आधारची असेल तर जन्म दाखला दाखवून आधार दुरुस्त करा. चूक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुलांच्या मूळ नोंदवहीत असेल तर मूल त्याच शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून दुरुस्ती करून घ्या. दाखला काढल्यानंतर हे काम फार कठीण होतं. म्हणून शाळा बदलायचं ठरलं की दाखल्यासाठी अर्ज देण्याआधी रजिस्टरमधलं नाव एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.

जन्म दाखल्यावर बाळाचं नावच नाही, हेही पुष्कळ घरांत निघतं. नोंदणीच्या वेळी नाव ठरलेलं नसतं आणि नंतर राहून जातं. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नाव टाकता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

मूल ५ वर्षांचं झालं की आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचा स्कॅन द्यायचा असतो, १५ व्या वर्षी पुन्हा. लहानपणीचं निळं आधार कार्ड तसंच ठेवू नका.

अपार आयडी यानंतर येतो. पेन असला आणि आधार जुळलं की शाळा तो तयार करते, पण पालकाच्या लेखी संमतीने. अपार ऐच्छिक आहे. संमतीपत्र वाचून सही करा. द्यायची नसेल तर तसं लिहून द्या. अपार नाही म्हणून वर्गात बसवत नाही, असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र दाखला काढायची गरज नाही. बीडकडून दिवाळीनंतर निघून उन्हाळ्यात परत यायचं असेल तर जुन्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागा. मूल कारखान्याजवळच्या शाळेत ते कार्ड दाखवून बसू शकतं. जाण्याआधी वर्गशिक्षकांना एवढं सांगून ठेवा की यूडायसवर त्याचं नाव "शाळा सोडली" करू नका, पोर परत येणार आहे.