उजवा स्पीकर गप्प का?

रेकॉर्ड फिरतेय, सुई खोबणीत आहे, डावा स्पीकर छान वाजतोय आणि उजवा गप्प. लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि फोनो इनपुटमधल्या (टर्नटेबलसाठीच्या खास खाचांमधल्या) टर्नटेबलच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. आता डावा गप्प झाला, तर दोष टर्नटेबलकडे आहे. उजवाच गप्प राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्यापुढची वायर, स्पीकर तपासायचा. अशा वेळी सीडी प्लेयर लावल्यावर दोन्ही बाजू वाजल्या, की बिघाड फोनो विभागातच, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या भागातच आहे हे पक्कं.

या विभागाला फार नाजूक काम असतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी) सुईच्या दांडीवरचा इवलासा चुंबक थरथरतो आणि शेजारच्या वेटोळ्यांत जेमतेम 5 मिलिव्होल्ट निर्माण होतात. सीडी प्लेयर 2 व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे 400 पट!

शिवाय रेकॉर्डवर आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. खर्ज पूर्ण जोराने कोरला तर खोबणी शेजारच्या खोबणीत घुसेल, म्हणून तो दाबतात; तीव्र स्वर मात्र वाढवतात, म्हणजे पुढे ते खाली आणताना खरखरही खाली जाते. 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए या रेकॉर्ड कोरण्याच्या प्रमाणानुसार फोनो विभाग हे सगळं उलटं फिरवतो. म्हणूनच टर्नटेबल थेट ऑक्समध्ये (अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटमध्ये) लावलं तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो. उलट, टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प (फोनो विभागाचंच काम करणारा भाग) असेल आणि तो चालू ठेवून फोनोत लावलं, तर आवाज फाटतो.

घुंss असा आवाज येतो त्याचंही मूळ इथेच आहे. घरातली वीज 50 किंवा 60 हर्ट्झची, आणि त्या पट्ट्यातले स्वर फोनो विभाग मधल्या स्वरांपेक्षा सहा-सात पट जास्त वाढवतो. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर ग्राउंडच्या स्क्रूखाली नीट आवळली आहे ना, ते आधी बघा.

दोष टर्नटेबलकडे निघाला, तर कार्ट्रिजच्या मागे भिंगातून पाहा. चार पिना, चार रंग. पांढरी-निळी जोडी डावी, लाल-हिरवी उजवी. आपल्याला लाल-हिरवी हवी. पिनांवर काळपट थर दिसला, तर सुईला टोपण लावून क्लिप चिमट्याने धरून अलगद काढा. वायर ओढू नका; ती केसाएवढी असते आणि डाख सहज सुटतो. पिन कोरड्या कापडाने पुसा, क्लिप परत बसवा. पुष्कळदा तेवढ्यानेच उजवा स्पीकर बोलू लागतो.