तिकीट, वाहक आणि फुकटा प्रवासी : नाशिकच्या बसमागचा इतिहास

मुंबईत ट्राम-बसचं तिकीट हा कागद मुळात फुकट्या प्रवाशांमुळे जन्माला आला. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडं तीन आणे होतं आणि तिकीट नव्हतंच. कंडक्टरच्या हातावर पैसे ठेवायचे आणि बसायचं. लोकांना ट्राम आवडली, भाडं दोन आण्यांवर आलं, गर्दी वाढली आणि पैसे कोणी दिले, कोणी नाही, याचा मेळ लागेना. त्याच वर्षी तिकिटं द्यायला सुरुवात झाली. निव्वळ विश्वासावरचा कारभार काही महिनेच टिकला.

नाशिकलाही ट्राम होती, हे आज नाशिककरांनाही सांगावं लागतं. १८८९ मध्ये बांधलेली ही ट्राम मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर धावायची. डबे घोडे ओढायचे. हे घोडे जिथं बांधले जात ती जागा म्हणजे आजचं गंजमाळ. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली. दुष्काळ आणि प्लेगमुळे सलग तोटा झाला, असं त्याचं कारण सांगितलं जातं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण शहराची वाहतूक तोट्यात गेली की पहिलं बोट फुकट्या प्रवाशाकडे जातं. तोटा त्याच्या आधीपासूनचा आणि त्याच्याहून मोठा असू शकतो.

पुढं एसटीचा काळ आला. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. नाशिकमध्ये शहर बसही कित्येक दशकं एसटीच चालवत होती. ज्यांनी त्या काळात निमाणी बसस्थानक ते नाशिकरोड प्रवास केलाय, त्यांच्या कानात वाहकाच्या पंचाची टिकटिक अजून असेल. हातात तिकिटांच्या गड्ड्यांची पेटी, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा, आणि तिकीट फाडून त्यावर पाडलेलं भोक. ते भोक प्रवासी कुठं चढला आणि कुठवर जाणार, हे सांगायचं. म्हणजे पुढच्या टप्प्यावर तपासनीस चढला तर त्याला न विचारता कळावं.

पण त्या काळची सगळी साधनं नीट बघितली की एक गोष्ट लक्षात येते. त्यांचा रोख प्रवाशापेक्षा वाहकावर जास्त होता. प्रत्येक तिकिटावर क्रमांक. ठरावीक टप्प्याला त्या क्षणी कुठल्या क्रमांकापर्यंत तिकिटं गेली, ते वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या तक्त्यावर, लिहायचं. ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत, तेही नोंदवायचं, म्हणजे नंतर ‘हे माझे घरचे पैसे’ असं म्हणता येऊ नये. तपासणी पथक गाडीत चढलं की आधी वेबिल ताब्यात घ्यायचं, मग डोकी मोजायची, मग तिकिटं, मग पेटीतली रोकड. या चार आकड्यांचा ताळमेळ बसला नाही की वाहकाचा ‘केस’ व्हायचा. तिकीट नसलेल्या प्रवाशाची गोष्ट दंड भरून संपायची. वाहकाची मात्र चौकशी आणि निलंबनापर्यंत जायची, कधी कधी बडतर्फीपर्यंत.

याला कारण होतं. एकट्यानं लपूनछपून केलेला विनातिकीट प्रवास बसमध्ये फार चालत नाही, कारण वाहक समोरच असतो. चालते ती दोघांच्या संगनमताची चोरी. ‘तिकीट राहू द्या’ म्हणत निम्मे पैसे हातावर टेकवायचे, प्रवाशाचा फायदा, वाहकाचाही फायदा. निमाणीला अलीकडच्या द्वारका चौकाचं तिकीट काढून पुढं नाशिकरोडला उतरणं, मुदत संपलेला पास अंगठ्याखाली धरून दाखवणं, हे प्रकारही जुनेच. पण महसुलाला खरी गळती त्या न फाडलेल्या तिकिटातून होते, आणि ती दोन्ही बाजूंच्या संमतीनं होत असल्यानं कोणी तक्रार करत नाही.

कायद्यानंही दोघांना एकत्रच धरलंय. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२४ सांगतं की योग्य तिकीट किंवा पास असल्याशिवाय प्रवासी बसमध्ये राहायचं नाही. मात्र गाडीतच तिकीट मिळत असेल तर आधी चढता येतं, आणि चढल्यावर शक्य तितक्या लवकर भाडं द्यायचं. दंड कलम १७८ मध्ये आहे. पहिल्या पोटकलमात विनातिकीट प्रवासी, दुसऱ्यात भाडं न घेणारा किंवा तिकीट न देणारा वाहक. दोघांनाही कमाल ५०० रुपये.

वाहकाच्या बाजूनं विचार केला तर १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल विसरता येत नाही. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग. पथकाला बसमध्ये तिकीट नसलेले प्रवासी सापडले, वाहकाची नोकरी गेली. त्या प्रवाशांना खात्याच्या चौकशीत साक्षीला बोलावलेलंच नव्हतं, हा त्याचा मुख्य आक्षेप. न्यायालयानं तो मानला नाही. खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, तपासनिसाच्या जबाबासारखा थोडा पुरावा असला तरी पुरे, असं ठरलं. या निकालानं देशभरच्या परिवहन खात्यांचा हात बळकट झाला. तो लागणं व्यवहाराला धरून होतं, कारण उतरून गेलेला प्रवासी महिनाभरानं कुठून शोधून आणणार? तरी मला वाटतं, धावत्या गाडीतल्या पाच मिनिटांच्या तपासणीवर एखाद्याची नोकरी ठरणार असेल तर त्या पाच मिनिटांत नेमकं काय घडलं, ते फार बारकाईनं बघायला हवं.

ते का, हे नाशिकच्या शालिमार चौकात एका संध्याकाळी दिसलं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून आलेली शहर बस, कंपनीची पाळी सुटलेली, पाय ठेवायला जागा नाही. मागच्या दारातून चढलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं नोट पुढं दिली. ‘एक सीबीएस’ (मध्यवर्ती बसस्थानक) म्हणत ती चार-पाच हातांतून पुढं गेली. तेवढ्यात तपासनीस चढले. ‘तिकिटं हातात ठेवा.’ मुलाकडे तिकीट नाही. तो घाबरून गप्प. मग शेजारची बाई म्हणाली, ‘अहो, दिलेत त्यानं पैसे, मीच पुढं केले.’ मागून आणखी दोघं बोलले. वाहक पुढच्या सीटजवळ अडकलेला, नोट अजून त्याच्या बोटांत. तपासनिसानं थांबून सगळं ऐकलं, तिकीट मागं येईपर्यंत वाट बघितली आणि पुढं सरकला. त्या क्षणी नियमानं बघितलं तर मुलगा विनातिकीट होता, आणि वाहकाच्या हातात तिकीट न देता घेतलेले पैसे होते. चोर मात्र कोणीच नव्हता.

८ जुलै २०२१ ला नाशिकची शहर बस एसटीकडून महापालिकेच्या कंपनीकडे, नाशिक महानगर परिवहन महामंडळाकडे आली. ‘सिटीलिंक’ सुरू झाली. पंच आणि रंगीत गड्डे तर आधीच इतिहासजमा झाले होते. आता मशीनमधून निघणारं तिकीट आणि मोबाइल ॲप आलं. तिकिटाची नोंद मशीनमध्ये आपोआप होते, वेबिलाची कसरत कमी झाली. पण न काढलेल्या तिकिटाची नोंद कुठलंच मशीन करत नाही. तिथं गोष्ट १८७४ सालासारखीच आहे.

खरा बदल झाला तो हिशेबाच्या रचनेत. गाड्या ठेकेदारांच्या, त्यांना पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरमागे. तिकिटाचं उत्पन्न मात्र महापालिकेच्या कंपनीचं. गाडी भरून गेली काय, रिकामी गेली काय, ठेकेदाराचं बिल ठरलेलं. त्यामुळे एखाद्यानं तिकीट बुडवलं तर तो खड्डा शेवटी महापालिकेच्या तिजोरीला, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या नाशिककराला भरावा लागतो. आणि जो वाहक हे पैसे गोळा करतो तोही कंत्राटी, वेगळ्या ठेक्यावरचा. थकलेल्या पगारासाठी या वाहकांनी एकापेक्षा जास्त वेळा काम बंद केलं आणि सकाळी निमाणीवर, नाशिकरोडला लोक ताटकळले, हे शहरानं बघितलंय. दिवसभर हजारोंची रोकड हाताळणाऱ्या माणसाचा पगार थकवायचा आणि त्याच्याकडून पैन्‌पैचा चोख हिशेब मागायचा, ही पद्धत मला पटत नाही. जुन्या एसटीच्या वाहकावर नजर कडक होती, पण त्याच्याकडे गमावण्यासारखी कायमची नोकरी होती. कंत्राटी वाहकाकडे तसं काय आहे?

युरोपातल्या कित्येक शहरांत वाहकच नसतो. प्रवासी स्वतः तिकीट काढतो, तपासनीस अधूनमधून चढतो आणि कोणी विनातिकीट सापडला तर भाड्याच्या कितीतरी पट दंड घेतो. लक्झेंबर्गनं तर १ मार्च २०२० पासून देशभरची सार्वजनिक वाहतूक फुकटच केली. आपल्याकडे एसटीनं विनावाहक-विनाथांबा गाड्या चालवल्या, त्यात तिकीट स्थानकावरच मिळतं. लांबच्या मार्गाला ते जमतं. प्रत्येक चौकात थांबणाऱ्या शहर बसला ते जमणार नाही.

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आता तोंडावर आहे. २०१५ मध्ये शहराबाहेरच्या वाहनतळांवरून भाविकांना बसनं आत आणलं होतं, या वेळीही तशीच व्यवस्था लागणार. त्या गर्दीत नोट हातोहात पुढं जाऊन तिकीट मागं येण्याची वाट बघत बसणं शक्य नाही. बस भरण्याआधी खाली, रांगेतच तिकीट द्यावं लागेल. म्हणजे गाडीत एक आणि जमिनीवर दोन-तीन वाहक. तेवढी माणसं वेळेत नेमून, शिकवून, त्यांच्या पगाराची तारीख ठरवून ठेवायला हाताशी थोडेच महिने उरलेत.