कचरा डेपोतल्या जुन्या टायरांची तपासणी

कचरा डेपोत नाहीतर भंगार यार्डात पडलेले जुने टायर कसे ठेवलेत, त्यांना आगीचा न डासांचा धोका किती आणि शेवटी ते जातात कुठं, हे जागेवर जाऊन बघणं म्हणजे ही तपासणी. सरकारी कागदात क्षेपणभूमी म्हणतात, सोलापुरात सगळे कचरा डेपोच म्हणतात म्हणून इथं तोच शब्द घेतलाय. मुळात टायर डेपोत पुरायची वस्तूच नाही. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठरवलं होतं की जमिनीत जायचा तो फक्त परत न वापरता येणारा, न कुजणारा, न जळणारा कचरा, आणि टायर तर जळतो पण आणि परत कामाला पण येतो. त्यामुळं तपासणी गेटवर वजनकाट्यापाशीच सुरू व्हायला पाहिजे, गाडी आत रिकामी झाल्यावर टायर हुडकत बसण्यात अर्थ नाही.

अख्खा टायर पुरला तरी तो खाली राहत नाही, हळूहळू वर येतो. का, यावर दोन मतं आहेत. एक असं की टायरच्या पोकळीत हवा आणि कचऱ्यातून निघणारा गॅस अडकतो आणि तो त्याला वर ढकलतो. दुसरं असं की रोलर फिरला की टायर दबतो आणि रोलर गेला की परत फुगतो, असं होत होत आजूबाजूचा कचरा त्याच्या खाली सरकतो. दोन्ही गोष्टी एकदमच होत असाव्यात, पण अख्ख्या टायरची जवळपास पाऊण जागा पोकळ असते हे बघता पहिलं कारण जास्त वजनदार वाटतं. वर येताना तो मातीचं झाकण फोडतो आणि त्या फटीतून पावसाचं पाणी आत जातं, सोलापूरसारख्या काळ्या खडकाच्या जमिनीत ते पुढं भेगाभेगांतून कुठं झिरपेल याचा नेम नाही. युरोपात अख्खे टायर पुरायला २००३ पासून आणि तुकडे पुरायला २००६ पासून बंदी आहे.

तुकडे केले की प्रश्न मिटला असं वाटतं, पण तिथं आगीचा वाद आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रस्त्याच्या भरावात टाकलेले टायरचे तुकडे बाहेरून कुणी न पेटवता आतूनच तापून पेटले, दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडं भराव बराच जाड होता. कारण काय? कुणी म्हणतं कापल्यावर उघड्या पडलेल्या स्टीलच्या तारा गंजतात तेव्हा उष्णता निघते, कुणी म्हणतं रबराचंच ऑक्सिडेशन, कुणी जंतूंकडं बोट दाखवतं. तारांचं कारण जास्त पटतं, कारण नंतरच्या मार्गदर्शक नियमांत थराची जाडी ३ मीटरच्या आत ठेवा, बारीक चुरा न सुट्या तारा कमी ठेवा असंच सांगितलंय. अख्खा टायर मात्र सहजासहजी पेटत नाही, पेटला की विझतही नाही, पाणी मारलं तर वाकड्या पोकळीत आत पोचतच नाही आणि वितळलेलं काळं तेल पाण्याबरोबर वाहत बाहेर येतं. वेल्समध्ये हेयोप इथं १९८९ ला पेटलेला साठा निदान १५ वर्षं आतून धुमसत होता असं सांगतात. म्हणून ढीग साधारण २० फुटांपेक्षा उंच नको, ५० फुटांपेक्षा रुंद नको, दोन ढिगांत ५० फुटांची मोकळी वाट पाहिजे, असं अमेरिकन अग्निशमनवाल्यांचं माप आहे. बंब आत वळतो का हे डोळ्यानं नाही, गाडी नेऊनच बघावं. आग लागलीच तर न पेटलेले टायर बाजूला ओढून जळत्या ढिगावर माती टाकतात, तेव्हा मातीचा साठा आणि जेसीबी जवळ आहे का हेही बघायचं.

डासांचं वेगळं. टायर कसाही ठेवा, आत थोडं पाणी राहतंच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची मादी पाण्यात नाही, पाण्याच्या कडेला ओल्या रबरावर अंडी घालते आणि ती सुकी महिनोन्महिने टिकतात, म्हणजे पाणी ओतून टायर परत तिथंच ठेवला तर पुढच्या पावसात अळ्या होणारच. आशियातला एडीस अल्बोपिक्टस डास १९८५ ला अमेरिकेत ह्युस्टनमध्ये सापडला, तो जुन्या टायरांतूनच आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. छपराखाली ठेवणं सगळ्यात चांगलं, नाहीतर ताडपत्री, तेही नाही तर प्रत्येक टायरला खालून भोकं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून डासांसाठीची तपासणी आठवड्याला पाहिजे.

कागदाची बाजू धोकादायक कचऱ्याच्या नियमांत २१ जुलै २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनं बदलली. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर रिसायकलिंगची जबाबदारी आली, २०२२-२३ साठी ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून पूर्ण. पायरोलिसिसचं, म्हणजे हवा बंद करून टायर तापवून निघणारं, तेल काढायला बाहेरून जुने टायर आणायलाही बंदी झाली. नोंदणी केलेल्या रिसायकलरची पावती नसेल तर टायर गेला कुठं हे कुणालाच सांगता येत नाही.

सोलापूरचा डेपो तुळजापूर रोडला भोगावकडं. पण शहरातले बहुतेक टायर तिथवर जातच नसावेत, कारण ट्रकच्या टायरला भाव आहे. रिमोल्ड होतो म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवतात, उसाच्या टायरगाडीला लागतो, नाहीतर भंगारवाला नेतो. पुणे-हैदराबाद हायवेलगत पंक्चरच्या दुकानांसमोर जे ढीग दिसतात ते डेपोच्या तपासणीत येतच नाहीत, आणि एडीस काही शे मीटरच उडतो म्हणजे डेंग्यूचा धोका त्या दुकानामागच्या वस्तीलाच. पत्रा उडू नये म्हणून घरावर ठेवलेला टायरही यातच धरावा. टू-व्हीलरच्या टायरला फारसा भाव मिळत नाही, तोच कचऱ्यात नाहीतर थंडीत शेकोटीत जातो. इथं वर्षाच्या मोठ्या तपासणीला मे महिना सगळ्यात बरा, ऊन चाळीसच्या वर असताना आगीचा अंदाजही येतो आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी टायर झाकायला दोन-तीन आठवडे हातात राहतात.