कॉर्नफ्लेक्स, ओट्स आणि रक्तातली साखर : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

पाकिटातले सिरिअल जन्माला आले तेच धान्य पचायला सोपे करण्यासाठी. ते खाल्ल्यावर रक्तातली साखर झपाट्याने वाढते आणि दुपार व्हायच्या आत पुन्हा भूक लागते, ही आजची तक्रार. तिचे मूळ बऱ्याच अंशी या पहिल्या हेतूतच आहे.

१८६३ मध्ये जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात ‘ग्रॅन्युला’ तयार केला. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचे पीठ मळून भाजायचे, तुकडे करायचे आणि पुन्हा भाजायचे. हे तुकडे इतके कडक होत की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी हाच विचार पुढे नेला. भरपूर उष्णता दिली की धान्यातला स्टार्च (पिष्ट) तुटून त्याचे डेक्स्ट्रिन हे छोटे तुकडे होतात, म्हणजे पचनाचे अर्धे काम भट्टीतच उरकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने तो गुण होता. १८९४ मध्ये त्यांच्या आरोग्यधामात शिजवलेल्या गव्हाचे पापुद्रे तयार झाले आणि १८९६ मध्ये त्या कृतीचे पेटंट मिळाले. त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये मक्याच्या फ्लेक्सची वेगळी कंपनी काढली आणि त्यात साखर घातली. थोरल्या भावाला ती साखर पसंत नव्हती. साखरेचा लेप दिलेली सिरिअल्स बाजारात आली १९३९ मध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा सुळसुळाट झाला.

साखरेवर बोट ठेवणे सोपे आहे, पण रक्तातल्या साखरेचा प्रश्न साखर घालण्याच्या आधीच सुरू होतो. कॉर्नफ्लेक्स करताना मक्याच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. उरलेले जाड कण साखर, मीठ आणि माल्टच्या पाण्याबरोबर वाफेच्या दाबाखाली शिजवतात. मग ते वाळवतात, ओलावा आतबाहेर सारखा होईपर्यंत मुरू देतात, जड रोलरखाली चपटे करतात आणि तापलेल्या भट्टीत भाजतात. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना मोडते. रोलरखाली दाण्याचा उरलासुरला आकारही जातो. हाती येतो तो कागदासारखा पातळ पापुद्रा, ज्याच्या दोन्ही बाजूंनी लाळेतला आणि आतड्यातला अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारा पाचक रस, एकदम कामाला लागतो. फुगवलेल्या तांदळाचे तेच. अलेक्झांडर अँडरसन यांनी १९०१ मध्ये शोधलेले हे तंत्र १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात तोफांच्या नळ्यांतून तांदूळ उडवून लोकांना दाखवले गेले.

बराच काळ आहारशास्त्रात एक समज पक्का होता : साखर लवकर रक्तात जाते, स्टार्च सावकाश. स्टॅनफर्डमध्ये फिलिस क्रेपो आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बटाटा, भात, मका आणि पाव यांचे मोजमाप केले, तेव्हा सगळे स्टार्च सारखे वागत नाहीत हे दिसले. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, गर करून आणि रस काढून. तिन्हींत कर्बोदके सारखीच होती. रसाने पोट सर्वांत कमी भरले, आणि त्यानंतर रक्तातली साखर चढून मूळ पातळीच्याही खाली घसरली. अख्ख्या सफरचंदाने तसे झाले नाही. पदार्थाची बांधणी मोडली की साखर आणि भूक दोन्ही बदलतात, हे इतक्या साध्या प्रयोगातून क्वचितच दिसले असेल.

यानंतर १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातून डेव्हिड जेन्किन्स, थॉमस वोलेव्हर आणि सहकाऱ्यांनी ६२ पदार्थांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, प्रसिद्ध केला. पद्धत अशी : रात्रभर उपाशी असलेल्या निरोगी व्यक्तीला ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतका पदार्थ द्यायचा, दोन तास ठरावीक अंतराने रक्त तपासायचे आणि उपाशीपोटीच्या पातळीच्या वरचे आलेखाखालचे क्षेत्रफळ मोजायचे. ५० ग्रॅम ग्लुकोजनंतर येणारे क्षेत्रफळ म्हणजे १००. त्या यादीत कॉर्नफ्लेक्स ८० वर होते, ओट्सची लापशी ४९ वर आणि नुसती साखर ५९ वर. साध्या साखरेपेक्षा कॉर्नफ्लेक्स वर, हे तेव्हा अनेकांच्या गळी उतरले नाही. कारण मात्र सरळ आहे. साखरेच्या रेणूत निम्मे फ्रुक्टोज असते आणि ते रक्तातले ग्लुकोज फारसे वाढवत नाही, तर शिजलेल्या स्टार्चचे जवळजवळ सगळे ग्लुकोजच होते. म्हणूनच साखर लावलेल्या सिरिअलचा जीआय बिनसाखरेच्यापेक्षा कमीही येऊ शकतो. तेवढ्यावरून ते सिरिअल चांगले ठरत नाही.

जीआय वाचताना आणखी एक गफलत हमखास होते. ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी कॉर्नफ्लेक्स सुमारे ६० ग्रॅम लागतात, म्हणजे पाकिटावरच्या ३० ग्रॅमच्या मापाच्या दुप्पट. भरपूर कोंडा असलेल्या सिरिअलचे त्यासाठी १०० ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि तेवढे कोणी एका बैठकीत खात नाही. निरोगी प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज असते. ३० ग्रॅम कॉर्नफ्लेक्समधून त्याच्या पाचपट कर्बोदके येतात. म्हणून जीआयइतकेच वाडग्यातले वजनही महत्त्वाचे. एकदा काट्यावर ३० ग्रॅम मोजून पाहावेत. म्यूसली (ओट्स, सुकामेवा वगैरेंचे मिश्रण) जड असल्याने तेवढ्या वजनाची फार थोडी दिसते आणि हात सैल सुटतो.

कोंड्याने साखर सावकाश शोषली जाते, हे स्पष्टीकरणही पुरते खरे नाही. २००३ मध्ये निरोगी पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात कॉर्नफ्लेक्स आणि कोंड्याचे सिरिअल यांतून ग्लुकोज रक्तात येण्याचा वेग सारखाच निघाला. फरक होता तो इन्सुलिनच्या वेळेत. कोंड्याच्या सिरिअलनंतर, बहुधा त्यातल्या जास्त प्रथिनांमुळे, पहिल्या वीसेक मिनिटांतच इन्सुलिन अधिक वाढले आणि ग्लुकोज लवकर स्नायूंकडे गेले. दुधातली प्रथिनेही इन्सुलिनला अशीच चालना देतात. तेव्हा कोरड्या सिरिअलचा जीआय जसाच्या तसा दुधातल्या वाडग्याला लावू नये.

भुकेचा धागा वेगळा आहे. सिडनीत सुसाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांचे प्रत्येकी २४० कॅलरींचे घास देऊन दोन तास तृप्ती नोंदवली. पांढरा पाव १०० धरला तर ओट्सची लापशी २०९, कोंड्याचे सिरिअल १५१, कॉर्नफ्लेक्स ११८ आणि म्यूसली १००. सर्वांत वर होता उकडलेला बटाटा, ३२३, आणि बटाट्याचा जीआय मुळीच कमी नाही. म्हणजे कमी जीआय आणि भरलेले पोट यांची सांगड दरवेळी बसत नाही. लापशीत पाणी असते, वजन असते, ती चिकट असते. कोरडे सिरिअल तेवढ्याच कॅलरींत हलके पडते.

बोट टोचून दोन तास रक्त घेण्याच्या पद्धतीत त्यानंतरचे काही दिसत नसे. सतत ग्लुकोज मोजणारे सेन्सर आले आणि ती अडचण गेली. २०१८ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात दूध-कॉर्नफ्लेक्सनंतर सुमारे ८० टक्के सहभागींची साखर दर डेसिलिटर रक्तामागे १४० मिलिग्रॅमच्या वर गेली. २०२१ मध्ये हजारावर निरोगी लोकांच्या नोंदींतून दिसले की पुढच्या भुकेचा अंदाज साखरेच्या चढावरून फारसा येत नाही. तो येतो दोन ते तीन तासांनी मूळ पातळीच्या खाली होणाऱ्या घसरणीवरून. ज्यांची घसरण मोठी, त्यांनी दिवसभरात सरासरी ३१२ कॅलरी जास्त खाल्ल्या. ब्रिस्टलच्या सफरचंदाच्या रसानंतर दिसलेली ती हीच घसरण. एकच न्याहारी एकाला दुपारपर्यंत पुरते आणि दुसऱ्याला अकरालाच पोकळ करते, त्याचे एक कारण इथे सापडते.

ओट्सचा लौकिक बीटा-ग्लुकॅन या चिकट तंतूमुळे आहे. त्याने जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, या दाव्याला युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये मान्यता देताना अट घातली : दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन. साधे ओट्स ५० ग्रॅम घेतले तर कर्बोदके ३० ग्रॅमच्या आसपास येतात, पण बीटा-ग्लुकॅन जेमतेम २ ग्रॅम. निम्मीच अट भरली. ओट्सचा कोंडा घेतला तरच ती कशीबशी गाठता येते. त्यातही जास्त दाब आणि उष्णता देऊन केलेल्या पदार्थांत या तंतूच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा उतरतो. ओट्स झटपट शिजावेत म्हणून ते आणखी पातळ लाटून आधीच शिजवले जातात. रोल्ड ओट्सचा जीआय सुमारे ५५, तर या इन्स्टंट ओट्सचा ७९, म्हणजे जवळपास कॉर्नफ्लेक्सइतकाच.