पुढच्या दारांचे स्पीकर बदलताना: मर्यादित खर्चात योग्य निवड

गाडीसोबत आलेल्या पुढच्या स्पीकरचा कागदी कोन फाटला, आवाज चिरका झाला किंवा त्यात घरघर येऊ लागली, की नवे स्पीकर घेण्याचा विचार सुरू होतो. अशा वेळी ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॉटचे घेऊ?’ हा असतो. आमच्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. वेगळा अँप्लिफायर (स्पीकरला जास्त ताकद पुरवणारे यंत्र) नको, डिक्कीत सबवूफरची पेटी नको, फक्त रोजच्या प्रवासात गाणी आणि बातम्या स्वच्छ ऐकू याव्यात आणि मजुरी धरून सगळा खर्च सहा ते आठ हजार रुपयांत बसावा, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे, अशा मुंबईतल्या गाडीमालकांसाठी हे माहितीपत्रक आहे.

त्यांना आमचा सल्ला असा, की चार स्पीकरांत पैसे विभागण्याऐवजी सगळी रक्कम पुढच्या जोडीवर लावावी, आणि त्यातलाही साधारण तिसरा हिस्सा स्पीकरसाठी नव्हे, तर तो ज्या दारात बसणार त्या दारासाठी राखून ठेवावा. चालकाला आणि शेजारी बसणाऱ्याला ऐकू येणारा बहुतेक आवाज पुढूनच येतो. मागचे मूळ स्पीकर फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटण्याचे सेटिंग) किंचित पुढे सरकवून तसेच चालू ठेवले, तर मागे बसणाऱ्यांचीही गैरसोय होत नाही.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे

आवाज बिघडला म्हणजे स्पीकरच गेला असे नाही. बॅलन्स (आवाज डाव्या-उजव्या बाजूंत वाटण्याचे सेटिंग) पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे नेऊन दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकाव्यात. एकच बाजू खराब असेल, तर दाराचा पॅड (आतले आच्छादन) काढून डावा-उजवा स्पीकर आपापसांत बदलून पाहावा. दोष स्पीकरसोबत दुसऱ्या दारात गेला, तर स्पीकर खराब. दोष त्याच दारात राहिला, तर कपलर (वायर जोडणारा प्लग), वायर किंवा डेक (डॅशबोर्डमधला रेडिओ-म्युझिक प्लेअर) तपासावा लागतो. दार सतत उघडझाप होत असल्यामुळे बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर आतल्या आत तुटू शकते आणि त्या दुरुस्तीला नव्या स्पीकरपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे परिसरात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर ही तपासणी केल्याशिवाय खरेदी करूच नये.

वॉटचा आकडा आणि खरी ताकद

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला २५० किंवा ३०० वॉटचा आकडा हा स्पीकर क्षणभर सोसू शकेल अशा कमाल ताकदीचा असतो. निवडीसाठी उपयोगाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या ताकदीचा. मात्र डेककडून मुळात किती ताकद मिळते हे कळल्याशिवाय त्यालाही फारसा अर्थ येत नाही.

अनेक डेकवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने (ओहम हे विद्युत रोधाचे एकक) भागले, तर सुमारे ५२ वॉट येतात आणि ५० चा आकडा त्यातूनच निघतो. पण आवाज पूर्ण फाटून लहरीचे वरचे-खालचे टोक सपाट झाल्याशिवाय एवढी ताकद निघत नाही. न फाटणाऱ्या आवाजासाठी त्याच व्होल्टेजवर गणिती मर्यादा सुमारे २६ वॉट पडते, आणि डेकच्या आतली घट वजा जाता प्रत्यक्षात १५ ते २० वॉट हाती लागतात. माहितीपत्रात ‘सीटीए-२००६’ या मानकानुसार दिलेला आकडा असेल, तर तो विश्वासाने धरावा, कारण तो १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती या अटींवर मोजलेला असतो.

म्हणून ३० ते ६० वॉट आरएमएसचा स्पीकर अशा डेकला पुरेसा आहे. १०० वॉट आरएमएसचा स्पीकर डेकवर लावला, म्हणून आवाज वाढत नाही. उलट अँप्लिफायर गृहीत धरून बनवलेल्या जड कोनाचा स्पीकर डेकवर मंद आणि दबका वाजतो, आणि जास्त पैसे देऊनही ग्राहक नाराज होतो.

आवाज खरोखर कशाने वाढतो, तर सेन्सिटिव्हिटीने. ठरावीक ताकद दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढा आवाज ८७ डेसिबलच्या स्पीकरकडून काढायला ४० वॉट लागतील, आणि ते डेककडे नाहीत. आमच्या दृष्टीने अँप्लिफायरशिवाय वापरायच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असावी. तुलना करताना मात्र एक काळजी घ्यावी. काही उत्पादक हा आकडा १ वॉटवर मोजतात, तर काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले, की प्रत्यक्षात २ वॉट जातात, म्हणून दुसऱ्या पद्धतीचा आकडा मुळातच तीन डेसिबलने मोठा दिसतो.

ओहमच्या बाबतीत प्रयोग करू नयेत. बहुतेक डेक ४ ओहमसाठी बनवलेले असतात. त्यांना २ ओहमचे स्पीकर जोडले, तर डेक तापतो, मध्येच बंद पडतो किंवा कायमचा निकामी होतो. उलट काही गाड्यांचे मूळ स्पीकर २ ओहमचे असतात, आणि तिथे ४ ओहमचे लावले तर आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. मल्टिमीटरवर ४ ओहमच्या स्पीकरचे वाचन साधारण ३.२ ते ३.८ येते. मूळ स्पीकर काढल्यावर ही मोजणी करायला मिनिटभरही लागत नाही. गाडीत कंपनीने नामांकित ब्रँडची संपूर्ण सिस्टिम आणि वेगळा अँप्लिफायर दिला असेल, तर या पत्रकातला सल्ला तिला जसाच्या तसा लागू करू नये.

कोॲक्सिअल की कॉम्पोनंट

कोॲक्सिअलमध्ये ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या कोनाच्या) मधोमध बसवलेला असतो, तर कॉम्पोनंटमध्ये तो वेगळा असून आरशाजवळच्या त्रिकोणी पॅनलवर किंवा डॅशबोर्डवर बसवता येतो. दारातला स्पीकर गुडघ्याखाली असतो आणि बारीक स्वर पाय, आसन यांना अडून कानापर्यंत नीट पोहोचत नाहीत, म्हणून ट्वीटर वर असण्याचा फायदा खरा आहे. त्याने गाणे पायाशी न वाजता समोर काचेच्या पातळीवर वाजते आहे असे वाटते.

तरीही सरसकट कॉम्पोनंट घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गाडीत ट्वीटरची जागा आणि वायर कंपनीनेच दिलेली आहे, तिथे कॉम्पोनंट सहज बसतो आणि तोच घ्यावा. जिथे वायर नाही, तिथे ती ओढण्याची मजुरी वाढते आणि तेवढ्या पैशांत एक दर्जा वरचा कोॲक्सिअल येतो. गाडीत आधीपासून वेगळा ट्वीटर असताना खाली कोॲक्सिअल लावला, तर एकाच बाजूला दोन ट्वीटर वाजून आवाज कानाला टोचतो. अशा वेळी जुना ट्वीटर सोडवून ठेवावा. ए-पिलरच्या (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या) आतून पडदा एअरबॅग जात असेल, तर त्या पिलरवर ट्वीटर बसवण्याचे काम आम्ही घेत नाही, मग ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

माप आणि खोली

अनेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांच्या पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो, काही जुन्या लहान गाड्यांत सव्वापाच किंवा चार इंची. इंचांचे माप जुळले तरी खोली जुळेलच असे नाही. मॅग्नेट जाड असेल आणि काच पूर्ण खाली केल्यावर ती मॅग्नेटला टेकत असेल, तर तो स्पीकर त्या दारासाठी नाही. स्पेसर रिंग (स्पीकर आणि पत्रा यांच्यामधले जाड कडे) लावून स्पीकर बाहेर आणता येतो, पण मग तो पॅडच्या जाळीला भिडत नाही ना, हेही पाहावे लागते. शेवटचा स्क्रू आवळण्याआधी आम्ही काच पूर्ण खाली-वर करून पाहतो.

मुंबईची हवा आणि पावसाचे पाणी

गाडीच्या दाराची बाहेरची बाजू पाणी अडवत नाही. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी काचेच्या रबरी पट्टीतून दारात उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते, आणि दाराची रचनाच तशी असते. म्हणजे स्पीकरची मागची बाजू जून ते सप्टेंबर ओल्या जागेत असते, आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत खारी हवा वर्षभर असतेच. म्हणून कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कडेची लवचीक पट्टी रबराची आणि फ्रेमवर गंजरोधक लेप असावा. फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. उघड्या कागदी कोनाचा आवाज चांगला असला, तरी तो आम्ही इथल्या दारांसाठी सुचवत नाही. रिंग एमडीएफची (लाकडी भुश्याच्या दाबलेल्या फळीची) असेल, तर तिला सर्व बाजूंनी वॉर्निश किंवा रंग हवा, नाहीतर ती फुगते आणि स्क्रू सैल पडतात. प्लॅस्टिकची रिंग अधिक बरी. स्पीकरवर वरून थेंब पडू नयेत म्हणून छोटी झापड पुरेशी असते.

दारावरचा खर्च का टाळू नये

स्पीकरचा कोन पुढे ढकलला जातो, तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ही मागची लहर दाराच्या पत्र्यातल्या मोठ्या भोकांतून पुढे आली, की ती पुढच्या लहरीला छेद देते आणि ठेका, ढोलकीचा घुमारा, डग्ग्याचा भरदार नाद हरवतो. दाम दुप्पट मोजून घेतलेल्या स्पीकरचीही उघड्या दारात हीच अवस्था होते, आणि आमचा सर्वाधिक आग्रह याच कामासाठी असतो.

स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्यावर ब्यूटिल (एक प्रकारचे रबर) आणि ॲल्युमिनियमची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचा थरथराट शोषणारी शीट, लावावी. पूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते, कोनाच्या मागचा भाग आणि बोटाने टकटक केल्यावर वाजणारे भाग पुरेसे असतात. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत, रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी द्यावी आणि रिंग घट्ट आवळावी. छपरासाठी मिळणारी डांबरी शीट स्वस्त असली, तरी उन्हात तापल्यावर तिचा वास येतो आणि ती घसरते. पाणी शोषणारे फेल्ट किंवा ताग दारात घालू नये. तळाची निचऱ्याची भोके कोणत्याही परिस्थितीत मोकळी राहिली पाहिजेत, आणि कंपनीने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल, तर तो बदलून किंवा चिकटवून मगच पॅड बसवावा, अन्यथा पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा भिजतो. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची सूचना देणारा, हवेचा दाब ओळखणारा सेन्सर दारात असतो. अशा दारांची भोके उत्पादकाच्या सेवा केंद्राला विचारल्याशिवाय आम्ही बंद करत नाही.

जोडणी आणि सेटिंग

गाडीची मूळ वायर कापू नये. त्या मॉडेलचा तयार कपलर बहुधा मिळतो आणि त्यामुळे पुढे मूळ स्पीकर परत लावणेही सोपे जाते. दोन्ही स्पीकरची धन-ऋण जोडणी सारखीच असावी. एका बाजूला उलटी झाली, तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचे स्वर नाहीसे होतात. शंका आल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावे. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल, तर कोन बाहेर येतो.

डेकमध्ये हायपास फिल्टर (ठरावीक पातळीखालचे स्वर रोखणारे सेटिंग) असेल, तर तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. अगदी खालचे स्वर लहान कोनाला झेपत नाहीत; ते काढून घेतले, की उरलेला आवाज मोकळा होतो. बास दहा डेसिबलने वाढवला, तर त्या स्वरांना दहापट ताकद लागते, म्हणून बासची पातळी शून्यावर ठेवून सुरुवात करावी. चालक उजव्या स्पीकरच्या जवळ बसतो, तेव्हा बॅलन्स एक-दोन घरे डावीकडे सरकवणे योग्य ठरते.

खरेदीच्या वेळी

जेबीएल आणि इन्फिनिटी ही दोन्ही नावे हर्मन या एकाच कंपनीची आहेत, म्हणून नुसत्या नावावरून वाद घालण्यापेक्षा दोन मॉडेलांचे आकडे शेजारी ठेवून पाहणे हिताचे. जीएसटीचे बिल आणि शिक्का असलेले वॉरंटी कार्ड घ्यावे आणि खोक्यावरचा मॉडेल क्रमांक स्पीकरवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दुकानातल्या फळ्यावर मोठ्याने वाजणारा स्पीकर दारात तसाच वाजेल असे नाही, म्हणून ऐकताना आवाज मध्यम ठेवून आधी माणसाचे बोलणे, शक्यतो बातम्या, ऐकाव्यात. निवेदकाचा आवाज नाकातून आल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला, तर तो स्पीकर नाकारावा. त्यानंतर आपण एरवी ऐकता तीच दोन-तीन गाणी लावावीत.

आमच्याकडे येताना गाडीचे मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि व्हेरिएंट यांची माहिती असू द्यावी, कारण एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये ट्वीटरची वायर असणे-नसणे बदलते. दोन्ही दारांच्या डॅम्पिंगसह कामाला साधारण अर्धा दिवस लागतो. काढलेले मूळ स्पीकर, स्क्रू आणि क्लिपा आम्ही पिशवीत घालून परत देतो. गाडी विकण्याच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. काम झाल्यानंतर आठवडाभर गाडी वापरून पॅडमधून कुठे खरखर येत असेल, तर पुन्हा यावे. क्लिपा आणि वायरची बांधणी त्या वेळी वेगळा आकार न घेता तपासून दिली जाते.