बॅटरी चांगली, मग सेल्फ का फिरत नाही?

मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या वावरात आमचा ट्रॅक्टर अडला. चावी फिरवली की नुसतं ‘कट्’, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) काही फिरेना. नवी बॅटरी आणली, तरी तेच. शेवटी पुतण्याला चावी धरायला सांगून मी मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर 11 व्होल्ट, सेल्फवर जेमतेम 8.5. अडीच व्होल्ट वाटेतच जात होते.

विहिरीवरची 5 एचपीची थ्री फेज मोटार 7-8 अँपिअर करंट घेते. ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिनाला पहिला हिसका देताना 200-300 अँपिअर ओढतो! मोटारीला 415 व्होल्ट मिळतात, सेल्फला फक्त 12. व्होल्ट कमी, म्हणून ताकद करंटमधून काढावी लागते. आणि केबल तापण्यात वाया जाणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की नुकसान चौपट.

16 चौरस मिमीची तांब्याची केबल, जाऊन-येऊन 2 मीटर धरली, तर तिचा रोध 0.002 ओहमच्या आसपास भरतो. वाटतो नगण्य, पण 300 अँपिअरला त्यात 0.6 व्होल्ट जातात. 50 चौरस मिमीची घेतली तर 0.2. म्हणून केबल जाडच हवी. पण आमचे अडीच व्होल्ट एवढ्यानं जाणार नव्हते.

केबलच्या टोकाला बोल्टखाली आवळायचं जे तांब्याचं थिंबल असतं, ते कापून पाहिलं, तर आत निळी-हिरवी भुकटी. संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावणारा माणूस ती लगेच ओळखेल: मोरचूद. बॅटरीतल्या गंधकाम्लाचा अंश हवा-ओलाव्यासोबत तांब्यापर्यंत पोचला की तेच तयार होतं. ते थिंबल हातोडीनं ठोकून बसवलेलं होतं, आत फटी राहिल्या होत्या. अशा एका सांध्यात 0.005 ओहम रोध आला, तरी 300 अँपिअरला दीड व्होल्ट जातो आणि बोटाएवढ्या जागेत 450 वॅट उष्णता निघते.

मग केबल घरीच बनवली. वेल्डिंगची तांब्याची केबल घेतली. 50 चौरस मिमीच्या केबलमध्ये 0.3 मिमीच्या सातशेच्या आसपास बारीक तारा असतात, म्हणून ती इंजिनाच्या हादऱ्यांत तुटत नाही. घेताना एक तार ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध दीडपटीहून जास्त. स्वस्त मिळालं तरी सेल्फसाठी ते घेऊ नका.

खरं काम क्रिम्पिंगचं, म्हणजे थिंबल दाबून केबलवर घट्ट बसवायचं. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलमध्ये थिंबलच्या मापाचीच डाय (दाबायचा साचा) लावायची. सगळ्या बाजूंनी दाब बसला की तारांवरचा ऑक्साइडचा थर फुटतो, गोल तारा चेपून एकमेकींना मधाच्या पोळ्यासारख्या चिकटतात आणि हवेला शिरायला जागा उरत नाही. मी पहिलं थिंबल मुद्दाम हॅक्सॉनं आडवं कापलं. छेद अखंड तांब्याचा दिसला, तेव्हाच पुढची केली. काही जण थिंबलमध्ये शिसं ओततात. ते तारांमधून वर चढतं, केबल तिथे ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथेच तुटते. क्रिम्पवर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) मात्र हवीच, ओलावा अडवायला.

केबल काढताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना तीच शेवटी जोडा. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवर लावलेला पाना चेसिसला टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो, आणि चार्जिंगनंतर बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो, तो ठिणगीनं पेटतो. चेसिसवर अर्थची (निगेटिव्ह) केबल जोडतो तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायचं. थिंबल थेट त्या लोखंडाला टेकलं पाहिजे, वॉशर त्याच्या वरून.

सगळं आवळून पुतण्यानं पुन्हा चावी फिरवली. या वेळी बॅटरी आणि सेल्फ यांच्यात फरक होता 0.3 व्होल्टचा, आणि इंजिन पहिल्याच हिसक्यात लागलं.