छप्पर संवातन व निष्कास पंखे (ग्रामीण विदर्भ)

घर, शाळा, गोठा, जिनिंगचा कारखाना अशा इमारतींत छताखाली साठणारी उष्ण, धुरकट किंवा दमट हवा छपरातून वा छपरालगतच्या भिंतीतून बाहेर घालवण्याच्या योजनेला छप्पर संवातन म्हणतात. साणे, धुरांडे, आढ्यावरची फट, वाऱ्यावर फिरणारा घुमट (बोलीत ‘टर्बो’) आणि विजेवर चालणारा निष्कास पंखा (बोलीत ‘एक्झॉस्ट’) हे तिचे विदर्भातील मुख्य प्रकार होत. नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात कमाल तापमान ४५ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्यातच खेड्यांतील कवेलूंची (कौलांची) जागा गेल्या काही दशकांत टिनपत्र्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. म्हणून येथे हा विषय सार्वजनिक आरोग्याचा मानला पाहिजे.

पारंपरिक रचना : बुलढाणा, अकोला, वाशीम या भागांत धाब्याची घरे होती, काही गावांत ती अजून नांदती आहेत. लाकडी मयालींवर (तुळयांवर) फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पालापाचोळा आणि सर्वांत वर चोपून बसवलेली खारवट पांढरी माती अशी धाब्याची बांधणी असते. मातीचा थर सुमारे ३० सेंमी. जाड असेल, तर दुपारची उष्णता त्यातून खाली पोचायला सर्वसाधारणपणे आठ-दहा तास लागतात. म्हणजे छताची आतली बाजू सर्वांत जास्त तापते ती मध्यरात्रीच्या सुमारास, आणि त्या वेळी बाहेरची हवा निवत आलेली असते. साण्याचा खरा उपयोग या घटकेला होतो. साणे म्हणजे धाब्यात ठेवलेले हात-दीड हात रुंदीचे चौकोनी भोक. त्याच्या चारही कडांना वीतभर उंचीचा कट्टा घालतात, म्हणजे धाब्यावरचे पाणी आत ओघळत नाही. आतल्या अंगाने लाकडी किंवा लोखंडी गज बसवतात, म्हणजे मांजर उतरत नाही आणि चोरालाही वाट मिळत नाही. पावसाळ्यात त्यावर फरशी किंवा पत्रा सरकवतात. कोशकारांनी साण्याची नोंद बहुधा उजेडाची सोय म्हणून केली आहे. तथापि चुलीवरच्या साण्याच्या गजांवर आणि कडांवर साचलेला काजळीचा थर पाहता, धूर व उष्ण हवा सोडणे हे त्याचे तितकेच जुने काम असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

साण्याच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. नेवासे, तेर यांसारख्या सातवाहनकालीन वसाहतींच्या उत्खननांत भाजलेली कवेलू मिळाली असल्याने दख्खनमधील उतरत्या छपराची परंपरा सुमारे दोन हजार वर्षे मागे नेता येते. मातीचे सपाट छत मात्र कोसळले की मातीतच मिसळते आणि त्यातले भोक उत्खननात ओळखणे दुरापास्त असते. त्यामुळे धाबे व साणे ही जोडी कवेलूंहून जुनी ठरवणारी मते मुख्यतः अनुमानावर उभी आहेत आणि ती सावधपणेच घेतलेली बरी.

पूर्व विदर्भात उतरती कवेलूची छपरे होती. देशी नळीची कवेलू असोत की ‘इंग्रजी’ म्हणून ओळखली जाणारी मंगलोरी कवेलू (मंगळूर येथे बासेल मिशनचा कवेलू कारखाना १८६५ मध्ये निघाला), त्यांच्या प्रत्येक सांध्यातून थोडी हवा जातेच. असे छप्पर स्वतःच एक मोठा झरोका असते. सेवाग्रामच्या बापू कुटीत हे आजही अनुभवता येते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने शंकूच्या आकाराची कवेलू एकमेकांत गुंफून कमानी छप्पर उभारण्याची पद्धत विकसित केली. तिचा प्रसार मात्र मर्यादित राहिला. गडचिरोलीतील बांबूच्या ताट्यांच्या घरांत भिंत व छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा सुटते आणि हवा तेथूनच खेळते.

कवेलू मागे पडले त्याची कारणे व्यवहारातली आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फिरवावे लागते आणि ते काम जाणणारे हात कमी झाले आहेत. वानरांच्या टोळ्या छपरांवरून उड्या मारत जातात तेव्हा कवेलू फुटते, हे गाऱ्हाणे तर विदर्भात सर्वत्र ऐकू येते. टिनपत्रा एका दिवसात बसतो आणि वानरांना पुरून उरतो. (नालीदार लोखंडी पत्र्याचे एकस्व (पेटंट) हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये लंडनमध्ये घेतले.) पत्र्यात सांधे नाहीत, म्हणून फटीही नाहीत. कवेलू गेले तेव्हा घरातले आपोआप होणारे संवातनही गेले, पण त्याची भरपाई करण्याचा विचार फारच थोड्या बांधकामांत झाला.

उष्ण हवेचा ओघ : उष्ण हवा हलकी असते म्हणून वर चढते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्या रेट्याचे मोजमाप मात्र क्वचितच सांगितले जाते. ४० अंशांना एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१३ किग्रॅ. आणि ५० अंशांना सुमारे १.०९ किग्रॅ. भरते. खालची खिडकी आणि आढ्यावरचे भोक यांत ४ मीटरचे अंतर असेल, तर या फरकातून मिळणारा दाब दीड पास्कलही भरत नाही. इतका क्षीण रेटा दाट जाळीने, कोळिष्टकांनी किंवा अरुंद नळीने सहज मोडतो. म्हणून भोक मोठे असावे, शक्य तितके उंचावर असावे आणि खालून हवा येण्यास किमान तेवढीच मोकळी जागा असावी. शेवटची अट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. दारे-खिडक्या लावून छतात कितीही भोके पाडली तरी हवा हलत नाही.

याला जोडून दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, तापलेला पत्रा केवळ हवा तापवत नाही, तो खाली बसलेल्या माणसावर थेट उष्णता प्रारित करतो. पत्रा ६५ अंश व खोली ४० अंश असेल, तर गंजलेल्या किंवा काळवंडलेल्या पत्र्यातून दर चौरस मीटरला शंभर वॅटहून अधिक उष्णता खाली येऊ शकते. नव्या चकचकीत पत्र्यातून त्याहून बरीच कमी. पंखा ही उष्णता काढू शकत नाही. तिच्यावर उपाय छपराच्या वर किंवा खाली करावा लागतो : पत्र्यावर चुन्याचा हात, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) किंवा तुऱ्हाट्यांचे (तुरीच्या काड्यांचे) आच्छादन, अथवा आतून बांबूच्या ताट्यांचे छत. दुसरी मर्यादा वेळेची. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवाच ४५ अंशांची असते. ती पंख्याने घरात ओढून घेणे म्हणजे झळ घरात बोलावणे होय. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानांत साधारण १५ अंशांचा फरक असतो. त्यामुळे दुपारी घर बंद ठेवावे, आणि सूर्य मावळल्यावर खालच्या खिडक्या उघडून वरचा पंखा पहाटेपर्यंत चालवावा, हा क्रम या प्रदेशाला सर्वांत मानवतो. प्रत्यक्षात पंखा दुपारी लावून रात्री बंद केला जातो. या एका चुकीमुळे अनेक घरांत त्याचा गुण येत नाही.

फिरता घुमट : कारखान्यांच्या छपरांवर आणि अलीकडे काही मंगल कार्यालये व गोदामांवर दिसणारा, वाऱ्यावर गरगरणारा पात्यांचा गोलक. त्याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. तांत्रिक लेखनात त्याचे श्रेय बहुधा मेडोज याला १९२९ च्या सुमाराचे दिले जाते आणि १९३४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील एडमंड्स कंपनीने त्याला बाजारात आणल्याचे सांगितले जाते. परंतु त्याआधी, १८७० च्या दशकाच्या आसपास, लँकेशरमधील फार्नवर्थ येथे जेम्स हाउअर्थ हा वाऱ्यावर फिरणाऱ्या डोक्याखाली आर्किमिडीजचा स्क्रू (मळसूत्री पाते) जोडलेले संवातक तयार करीत होता. फिरते डोके आणि त्यातून हवेचा उपसा ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. म्हणून मेडोजचे काम शोधापेक्षा सुधारणेचे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. आजच्या वक्र, उभ्या पात्यांच्या गोलकाचा आकार मात्र विसाव्या शतकातलाच आहे. यांत्रिक संवातनाची परंपरा याहून बरीच जुनी आहे. ॲग्रिकोलाच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात खाणींसाठीच्या पंख्यांची चित्रे आहेत आणि डेसाग्युलिए याने १७३० च्या दशकात ब्रिटिश संसदेच्या सभागृहासाठी हाताने फिरवायचे केंद्रोत्सारी चाक बसवले होते.

घुमट फिरतो म्हणून तो हवा ओढतो, हा समज पूर्णतः बरोबर नाही. गोलकावरून वारा वाहताना त्याच्या पाठीमागच्या अंगाला दाब घटतो आणि हवा बाहेर येते. तापलेल्या शेडमध्ये उष्ण हवेचा रेटा यात भर घालतो, आणि वारा पडलेला असताना सगळा भार त्याच्यावरच येतो. फिरण्याचा स्वतंत्र वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो माफक असल्याचे म्हणणारा पक्ष भौतिकीदृष्ट्या बळकट आहे. थांबलेला घुमटही निकामी नसतो, आणि गरगरणारा घुमट खालची खिडकी बंद असल्यास फारसे काही करत नाही. त्याचे मोठे गुण दोन : वीज लागत नाही आणि पाऊस आत येत नाही. भारनियमन सोसलेल्या गावांना पहिला गुण पटवून द्यावा लागत नाही.

बसवताना पाण्याची काळजी घ्यावी लागते. घुमटाच्या बुडाचा पत्रा वरच्या बाजूने छपराच्या पत्र्याखाली सरकवावा आणि खालच्या बाजूने त्याच्यावर चढवावा. स्क्रू नालीच्या उंचवट्यावर मारावेत, पन्हाळीत मारू नयेत, कारण पाणी पन्हाळीतून वाहते. पन्हाळीतल्या स्क्रूवर कितीही डांबर फासले तरी एक-दोन पावसाळ्यांत गळती लागते.

विजेचे पंखे : घरगुती निष्कास पंखे बहुतांशी अक्षीय असतात, म्हणजे हवा पात्यांच्या आसाच्या दिशेने सरळ जाते. ते पुष्कळ हवा हलवतात, पण दाब अगदी थोडा निर्माण करतात; लांब नळी जोडली की त्यांचा जोर ओसरतो. पंख्याचे फेरे निम्मे झाले तर हवा निम्मी होते, दाब चौथाईवर येतो आणि लागणारी शक्ती एक-अष्टमांश. ग्रामीण वीजजोडणीत हा नियम फार महत्त्वाचा आहे. प्रवर्तन (इंडक्शन) मोटारीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर पीळ सुमारे ६१ टक्क्यांवर येतो. मग पंखा रेंगाळतो, मोटार तापते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रिवाइंडिंगच्या दुकानात पंख्यांची रास लागते. पंखा बिघडला अशी समजूत होते, पण मूळ दोष पुष्कळदा व्होल्टेजचा असतो. या प्रकारच्या पंख्यांसाठी भारतीय मानक आयएस २३१२ आहे. औद्योगिक संवातनासाठी आयएस ३१०३ आणि निवासी इमारतींच्या नैसर्गिक संवातनासाठी आयएस ३३६२.

कूलरशी नाते : विदर्भातील निष्कासाचा विचार कूलरला वगळून करता येत नाही. ४४ अंश तापमान व १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचे ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने ती जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, सुमारे २३ अंश असते. वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ओल्या ताट्यांतून जाणारी हवा म्हणूनच २८-२९ अंशांपर्यंत उतरू शकते. पण कूलर सतत हवा आत ढकलतो आणि ती ओलसर असते. तासाला ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरसाठी बाहेर जाण्याची वाट साधारण अर्ध्या चौरस मीटरहून थोडी मोठी हवी. ती नसेल तर खोलीत ओल साचते, अंग चिकचिकते आणि गारवा हरवतो. खोली गार राहावी म्हणून कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करण्याची सवय विदर्भात सर्रास आढळते, ती नेमकी उलट परिणाम करते. कूलरच्या समोरच्या भिंतीत, छपराजवळ, निष्कास पंखा किंवा नुसता झरोका असणे ही या प्रदेशातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की ताट्यांतून दोन-तीन अंशच मिळतात. तेव्हा कूलर थांबतो आणि निष्कास पंखाच उरतो.

स्वयंपाकघर : अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ मध्ये वर्ध्याला झाली. त्याच्या मगनवाडीत धूर नळीवाटे बाहेर काढणाऱ्या ‘मगन चुली’चे प्रयोग झाले. १९८० च्या दशकातील राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात हीच दिशा पुढे नेली गेली. धुरांड्याचे तोंड आढ्याच्या वर गेले नाही तर वारा धूर उलट घरात लोटतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

कारखाने : १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १३ ने पुरेसे संवातन, आणि तापमान शक्य तितके कमी राहील अशा भिंती व छप्पर यांची अट घातली. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (१८७७) हवेत ओलावा राखणारी यंत्रणा आरंभीच्या काळातच बसवली गेल्याची नोंद सापडते. हिंगणघाट, यवतमाळ, वणी, खामगाव येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची धूळ हा मुख्य प्रश्न आहे आणि ती दीर्घकाळ फुप्फुसांत गेल्यास बिसिनोसिस हा विकार जडतो. छपरावरचा पंखा ही धूळ कामगाराच्या नाकासमोरून वर नेतो. म्हणून ती रेच्याजवळच (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राजवळच) ओढून घेणे श्रेयस्कर. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये उकड्या तांदळाची वाफ बाहेर काढण्यासाठी आढ्यावर उंचावलेले छप्पर ठेवतात.

भाव मिळेपर्यंत शेतकरी कापूस राहत्या घराच्या खोलीत साठवतात, आणि खोलीत हवा नसली की घरच्यांच्या अंगाला खाज सुटते. अशा खोलीत आढ्याजवळ बारीक जाळीचा झरोका ठेवावा. पंखाच बसवायचा तर मोटार पूर्ण बंद आवरणाची घ्यावी, तिच्यावर बसणारी रुई आठवड्याला झाडावी आणि बटन खोलीच्या बाहेर ठेवावे, कारण उघड्या मोटारीची एक ठिणगी गंजीला पुरते.